अडकलं पितळ, दोष स्टीलचा

अहो,

मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं लिहून द्या, असा निरोप आला होता. जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरीत कोणती पदं, आणि एक बरासा फोटो. ते सगळं अनघानं देऊन टाकलं. आपली लेक बंगळुरूला राहून स्वप्नंसुद्धा इंग्रजीत बघते, पण बापाची पदं तिला तोंडपाठ आहेत. मला काही ते जमेना. लिहायला बसले की तुमच्याशी भांडायलाच सुरुवात होते. म्हणून हे मंडळासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. अनघाला मराठी वाचायचा कंटाळा, त्यामुळे कागद तिच्या हाती लागला तरी ती पहिल्या पानापलीकडे जायची नाही. तेव्हा मोकळेपणानं लिहिते.

पहिली तक्रार ही, की तुम्ही फार घाई केलीत. चहा अर्धा टाकून कुणी असं उठून जातं का? डॉक्टर म्हणाले, त्यांना त्रास झाला नसेल. नसेल हो झाला त्यांना. मला झाला, त्याचं काय? हैदराबादेतल्या तारनाक्याच्या या घरात तुमच्या खोकण्याचाही मला राग यायचा, आता कुणी शेजारी खोकलं तरी मी वळून बघते. राग आहे तो आहेच, तो कमी झालेला नाही.

दुसरी गोष्ट सांगायला धीर होत नाही, पण खरं तर तीच सांगायची आहे. तुम्ही मला घातलेली शपथ मी मोडली. श्रीकांतला सगळं सांगून टाकलं. तुमचं तेरावं झालं त्याच दिवशी, ताटं उचलायच्याही आधी. का सांगितलं ते नीट ऐकून घ्या, मग काय रागवायचं ते रागवा.

साहेब नक्की काय काम करायचे हो, असं तेराव्याला दोघीतिघींनी मला विचारलं. मी म्हटलं, खोखे. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. गोळी झाडली की बंदुकीतून जे रिकामं नळकांडं टणकन उडून बाहेर पडतं, त्याला जवान खोखा म्हणतात. त्यातच दारू भरलेली असते, त्याच्याच तोंडाशी गोळी बसवलेली असते. आपल्याकडे तो खोखा पितळेचा. तुम्हाला तो स्टीलचा करायचा होता. एवढ्या एका वाक्यात तुमची उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि माझीही.

लग्न झालं तेव्हा आईनं माहेरून, चिक्कडपल्लीहून, मला पितळेची भांडी दिली होती. चिंच लावून घासता घासता हात काळे व्हायचे, आणि कल्हईवाला हवा तेव्हा कधी यायचा नाही. मी सरळ ती मोडीत घातली आणि स्टीलची आणली. आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. तुम्ही मात्र एकेक पातेलं हातात घेऊन उलटसुलट करत होतात, दिवाळीचे कपडे आल्यासारखे. "बघ, तुला जे स्वयंपाकघरात कळलं, ते आमच्या वरच्यांना कळायला अजून एक लढाई लागणार," असं म्हणाला होतात. मी मनात म्हटलं, कुणाच्या पदरी पडलो आपण!

हळूहळू मला सगळं पाठ झालं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तांबं आपल्याकडे पुरेसं निघत नाही, बाहेरून आणावं लागतं. लढाई लांबली, समुद्रातून बोटी येईनाशा झाल्या, तर खोखे कशाचे करायचे? घराघरातल्या घंगाळांचे? लोखंड आपल्या उशाशी आहे. शिवाय स्टीलचा खोखा थोडा हलका, म्हणजे पोराच्या पाठीवरचं ओझं तेवढं कमी. मजबूतही जास्त, मशीनगननं खसकन ओढला तरी चिरत नाही. हे तुम्ही दूधवाल्यालासुद्धा सांगितलं होतंत. तो बिचारा "हौ साब, हौ साब" करत किटली घेऊन पळाला.

आणि समोर माझा भाऊ. श्रीकांत माझ्याहून धाकटा, पायदळातला अधिकारी. सुट्टीवर आला की रविवारी सिकंदराबादहून आपल्याकडे जेवायला, आणि वरणभात संपायच्या आत तुमची दोघांची जुंपायची.

"दाजी, तुमचं स्टील गंजतं. आमच्या खंदकात ओल असते, तुमच्या लॅबसारखे पंखे नसतात."

"अरे मियाँ, वर लेप असतो ना!"

"लेप खरवडला की? मग कायकू पोरांच्या जिवाशी खेळता? आणि तुमचा खोखा कडक, त्याला ओढून काढणारा रायफलीचा आकडा झिजवतो तो. पितळ कसं, गुमान येतं, गुमान जातं."

"तू पितळेचा पुजारी आहेस. देवघरात बस."

मी वाढता वाढता दोघांनाही ओरडायची. पण खरं सांगू, त्या भांडणाची मला गोडी लागली होती. घर भरल्यासारखं वाटायचं.

मग तो बालाजी गेला.

श्रीकांतच्या तुकडीतला पोरगा, आदिलाबादकडच्या एका खेड्यातला, मराठी बोलणारा. म्हणून श्रीकांतला त्याच्याबद्दल जास्त माया. उत्तरेतल्या डोंगरात त्यांच्याकडे बाहेरदेशाच्या रायफली होत्या आणि गोळ्याही तिकडच्याच, स्टीलच्या खोख्याच्या. रोज गस्तीला निघताना मॅगझीन भरायचं, परत आल्यावर रिकामं करायचं. त्याच त्या गोळ्या पुन्हापुन्हा आतबाहेर होऊन लेप खरवडत गेला आणि ओल आत शिरली. एका सकाळी ओढ्याकाठी शत्रूशी गाठ पडली आणि बालाजीच्या रायफलीत खोखा अडकला. आकड्यानं त्याची कडा तोडली, खोखा आतच राहिला. समोरून गोळ्या येत होत्या आणि तो पोरगा खोखा निघावा म्हणून रायफलीचा दांडा ओढत होता. श्रीकांत हे सांगताना आपल्या गॅलरीत उभा होता, तुमच्याकडे पाठ करून.

आणि तुम्ही काय म्हणालात? "दोष साठवणीचा आहे, श्रीकांत. धातूचा नाही."

तुम्हाला दुष्टपणा कधी येत नव्हता, हे मला माहीत आहे. तुम्ही जे खरं वाटलं ते बोललात. पण ती वेळ होती का ती? त्यानं चपला घातल्या आणि निघून गेला. मी तुमच्याशी दोन दिवस बोलले नाही. तुम्हीही गप्प होतात, पण तुमचं गप्प बसणं वेगळं होतं. जेवताना मध्येच हात थांबायचा. "तो दांडा ओढत होता," असं एकदा आपल्याशीच म्हणालात, आणि मला ऐकू गेलं म्हणून ओशाळलात.

पुढच्या थंडीत तुमच्या खोख्याची मोठी चाचणी झाली. त्या दिवशी तुम्ही लवकर घरी आलात. मी मेथी निवडत बसले होते. तुम्ही बूट न काढता समोर खुर्चीत बसलात आणि म्हणालात, "पर्वालेदु." तेलुगूतला हा एक शब्द तुम्ही आयुष्यभर पुरवून वापरलात. काही हरकत नाही, चालायचंच. वीज गेली पर्वालेदु, बढती हुकली पर्वालेदु. मी समजले, आज काहीतरी मोठं बुडालं.

मग तुम्ही सांगत गेलात. तुमच्या स्टीलच्या गोळ्या दिवसभर एकाच रायफलीतून झाडल्या. एकही अडकली नाही. लोक खूश. शेवटी तुलनेसाठी म्हणून त्याच रायफलीतून नेहमीच्या पितळेच्या झाडायला घेतल्या, आणि काय आश्चर्य, पितळच अडकलं! तुमच्या हाताखालच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेब, जिंकलो! ज्या पितळेचे एवढे गोडवे गातात, तेच रुतून बसलं आणि आपलं स्टील बिनबोभाट गेलं. कागदावर याहून चांगलं काय हवं होतं?

"मग तोंड का पाडलंय?" मी विचारलं.

मला कळावं म्हणून तुम्ही पुरीचा दाखला दिलात. पितळ चांगल्या पुरीसारखं, तापलं की टम्म फुगतं, गोळी बसते त्या नळीच्या घराला घट्ट चिकटून बसतं, धूर मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरला की आपसूक आकसून बाहेर येतं. स्टील म्हणजे शिळ्या कणकेची पुरी. फुगायला कुरकुरते. मग बाजूच्या फटीतून धूर आणि काजळी मागे येते, घरात साठते. स्टीलचे पुढचे खोखे अंग चोरून त्या काजळीतून ये-जा करतात, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. मग पितळ येतं, नेहमीसारखं मनापासून फुगतं आणि त्या काजळीत रुतून बसतं. "अडकलं पितळ," तुम्ही म्हणालात, "पण दोष माझ्या स्टीलचा." बाहेरदेशाच्या त्या गोळ्या गाजरासारख्या निमुळत्या, म्हणून त्यांचं थोडंफार निभावतं. आपल्या गोळीचं अंग सरळ, तिला ते जमत नाही.

तुमच्या पोरांनी विनवलं होतं. साहेब, रायफल साफ करून घेऊ, मग पितळ झाडू, ते अडकणार नाही. दोन्ही पास. त्यात खोटं काय आहे? खोटं काहीच नव्हतं, तेच तर अवघड होतं. पण तुम्ही म्हणालात, गस्तीवरच्या पोराला कुणी विचारत नाही, बाबा, तुला पितळ देऊ का स्टील. भांडारातून जे येईल ते तो भरतो. एकाच मॅगझीनमध्ये दोन्ही असतील आणि मध्ये साफ करायला कोण थांबणार? तुम्ही दोन्ही मिसळून पुन्हा झाडायला लावलं. पुन्हा अडकलं. आणि मग तुम्ही स्वतःच वरच्यांना सांगून आलात, की हे बंद करा, माझ्याकडून चुकलं आहे आणि ते मला दुरुस्त करता येत नाही.

मला तुमचा अभिमान वाटला, असं आता लिहायला हवं. तेव्हा वाटला नव्हता. तेव्हा मी म्हटलं होतं, एवढी वर्षं मग कशाला घालवलीत? तुम्ही बूट काढायला वाकलात आणि बराच वेळ वाकूनच राहिलात.

त्यानंतर आठवड्यानं ती शेवटची बैठक झाली. निर्णय झालेलाच होता, फक्त रीत म्हणून बसायचं होतं. आणि तुम्ही काय केलंत, तर अध्यक्षांना गळ घालून श्रीकांतला तिथे बोलावून घेतलंत. फौजेचं म्हणणं ऐकू या म्हणून. त्याला ठरलेलं काहीच ठाऊक नव्हतं. तो उभा राहिला आणि बालाजीचं नाव घेऊन बोलला. ओढा, दांडा, तुटलेली कडा, सगळं. बैठकीत सगळे खाली मान घालून ऐकत होते, असं तुम्ही मला सांगितलंत. मग अध्यक्षांनी काम बंद केल्याचं जाहीर केलं, आणि श्रीकांत समजला, की ते आपल्या बोलण्यानं झालं.

"त्याला तसंच समजू दे," तुम्ही म्हणालात. "त्या पोरासाठी काहीतरी केलं, असं त्याला वाटू दे. तुला माझ्या गळ्याची शपथ."

आणि तुमचं काय? चिक्कडपल्लीत आमच्या सगळ्या गोतावळ्यात बोभाटा झाला, सख्ख्या मेव्हण्यानं घात केला. माझे काका तर म्हणाले, याला म्हणतात घरचा भेदी. तुम्ही हसून ऐकून घेतलंत. तुम्हाला एका कोपऱ्यातल्या खोलीत बसवलं, इतरांच्या कामावर शेरे मारायला. आधी तुम्ही दाढी करताना शीळ घालायचात. ती कधी थांबली ते मला कळलंही नाही, इतकी हळू थांबली. एकदा मी म्हटलंसुद्धा, मी सांगते श्रीकांतला. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, की मी पुन्हा विषय काढला नाही.

नंतर श्रीकांत निवृत्त होऊन सिकंदराबादला कायमचा आला आणि रविवार पुन्हा सुरू झाले. पण एक गंमत झाली होती, ती तुम्हा दोघांच्याही लक्षात आली नव्हती. तुमच्या बाजू उलटल्या होत्या. टीव्हीवर कुठल्या कुठल्या लांबलेल्या लढायांच्या बातम्या यायच्या, दारूगोळा पुरत नाही म्हणून देश एकमेकांकडे मागत फिरताहेत. श्रीकांत म्हणायचा, "दाजी, तुमचं खरं होतं. असा प्रसंग आला तर पितळ कुठवर पुरणार? एवढी वर्षं काम चालू राहिलं असतं, तर आज स्टील तयार असतं आपल्याकडे." आणि तुम्ही मान हलवायचात. "नक्को रे बाबा. ओल, गंज, काजळी, कोण निस्तरणार? पितळच बरं." तो तुमची बाजू लढवायचा आणि तुम्ही त्याची. मी पोळ्या लाटता लाटता हसायची. म्हटलं, म्हातारपणी दोघांचीही बुद्धी फिरली.

तो का तसं बोलायचा, हे मला तेराव्याला समजलं.

जेवणं झाली, माणसं पांगली. श्रीकांत गॅलरीत तुमच्या खुर्चीशेजारी उभा होता, बसला नव्हता. मी म्हटलं, बस रे. तर म्हणाला, "अक्का, दाजींना मी संपवलं."

"काहीतरीच काय बोलायलास?"

"आता नाही ग. तेव्हाच. त्या बैठकीत. मी बोललो नसतो, तर त्यांचं काम चाललं असतं. त्यांना काहीतरी वाट सापडली असती. मी बालाजीला मध्ये आणलं, मग कोण काय बोलणार? त्यानंतर दाजींची शीळ कधी ऐकलीस तू?"

अहो, त्यानंही ती शीळ मोजली होती. मी समजत होते, माझ्याशिवाय कुणाला त्याची खबर नाही.

"दर रविवारी यायचो," तो म्हणाला, "की आज माफी मागू. आणि दाजी माझ्या ताटात वाढ म्हणून तुला सांगायचे. मग कसं बोलणार? आता तर संपलंच."

हा माझा भाऊ. पासष्टी ओलांडलेला, ताठ चालणारा, कधी कुणापुढे न रडणारा. तो कठड्याला धरून, माझ्याकडे पाठ करून डोळे पुसत होता. तुम्ही त्याला जे सुख म्हणून दिलं होतंत, त्याचं तुमच्या पाठीमागे असं झालं होतं. मी गप्प राहिले असते, तर ते ओझं घेऊन तो मेला असता. आणि बोलले, तर बालाजीसाठी आपण काहीतरी केलं, हे त्याच्या आयुष्यातलं एकच समाधान मी हिसकावून घेणार होते. तुम्ही शपथ घालून मोकळे झालात. असा प्रसंग आला तर काय करायचं, ते सांगून ठेवलं नाहीत. तुमचं सगळं असंच.

मी सांगितलं. पितळ कसं अडकलं, तुम्ही काय म्हणालात, आणि तो बोलायला उभा राहिला त्याच्या आठवडाभर आधीच सगळं कसं संपलं होतं. मला वाटलं, त्याचा जीव हलका होईल.

त्यानं रस्त्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "म्हणजे मी बोलत होतो, तेव्हा सगळ्यांना माहीत होतं?"

मी मान डोलावली.

"मी त्या पोराचं नाव घेऊन तिथे उभा होतो अक्का, आणि ते सगळे माझी समजूत घालायला बसले होते? दाजींनी मला पोरासारखं खेळवलं?"

"अरे, त्यांनी तुझ्यासाठीच..."

"मला नको होतं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी त्याच्या आईला सांगून आलो होतो, माहिती आहे तुला? तिच्या घरी जाऊन, तिच्या पायाशी बसून. की तुमच्या पोरामुळे तशी गोळी आपल्याकडे बनणं थांबलं. मी बोललो आणि थांबलं. दर वर्षी त्याच्या तिथीला जातो मी. दर वर्षी ती ते पुन्हा सांगायला लावते. शेजारच्या बायकांना बोलावून ऐकवते."

हे तुम्हालाही माहीत नव्हतं ना? मला तर नव्हतंच. तो निघाला. मी चहा ठेवला होता, तो तसाच राहिला. जिन्यात त्याच्या पावलांचा आवाज आला आणि मी तिथेच खुर्चीत बसले, तुमच्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा बसले. तुम्हाला आणि त्याला, दोघांनाही एकाच दिवशी घालवलं, असं वाटलं.

रविवार आला. मी दोघांपुरता स्वयंपाक केला आणि एकटीच जेवले. फोन केला तर त्याच्या बायकोनं उचलला. म्हणाली, ते सकाळच्या गाडीनं आदिलाबादकडे गेलेत, काही सांगून गेले नाहीत. तिथी तर लांब आहे अजून, असंही म्हणाली. हा माणूस खरं बोलायला गेला होता. एका म्हातारीच्या हातातलं शेवटचं काही काढून घ्यायला गेला होता, आणि त्याला तिकडे धाडलं होतं मी. त्या दिवशी मी तुम्हाला काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. तुमच्या फोटोला हार घालायचाही राहिला.

दुपार उतरताना फोन वाजला. श्रीकांतच होता. मागे कोंबड्यांचा आवाज.

"सांगितलं तिला," तो म्हणाला.

"अरे देवा. सगळं?"

"सगळं. म्हटलं, मी थांबवलं नाही ते. माझे दाजी होते, तशी गोळी आपल्याकडे तेच बनवत होते आणि त्यांनीच ती थांबवली. तुमचं पोर असं गेलं, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते खोटं वागू शकले नाहीत. मी नुसता बोलण्यापुरता होतो."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, कुनी का थांबवंना, थांबली न्हवं? मग विचारलं, ते कुठं असतात आता. मी सांगितलं, परवा तेरावं झालं त्यांचं. पदर तोंडाला लावला. माझ्या पोराला न बघता त्याच्यासाठी एवढं सोडलं म्हणाली, त्याचं मला काहीच कसं कळवलं नाहीस रे इतकी वर्सं? रागावली माझ्यावर."

मी भिंतीला टेकले. तुम्ही बूट काढायला वाकला होतात ना, तसंच काहीसं झालं. इतकी वर्षं कुणी तुम्हाला एका शब्दानं विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. आणि ती बाई, तिनं तुम्हाला कधी पाहिलंही नाही.

"अक्का," तो म्हणाला, "ऐकतेस ना? ती म्हणते, बालाजीच्या तिथीला मी पान वाढते, औंदा शेजारी त्यांचंही वाढीन. विचारतेय, त्यांना काय आवडायचं?"

किती वर्षं रांधलं तुमच्यासाठी, आणि त्या क्षणी एक पदार्थ आठवेना.

"अक्का?"

"आंबाडीची भाजी," मी म्हटलं. "वरून लसणाची फोडणी. आणि भाकरी जरा कडक."

त्यानं ते तसंच तिला सांगितलं. लांबून, बहुतेक चुलीजवळून, तिचा आवाज आला.

"आंबाडी हाय की परसात."